मेमरी किती घ्यावी? : शनिवार पेठेतल्या एका संगणकाचा अभ्यास

यंदाच्या वैशाखात माझ्या आत्याचे सहस्रचंद्रदर्शन झाले. त्या निमित्ताने आम्ही सहा भाचरांनी वर्गणी काढून तिला नवा संगणक द्यायचे ठरवले. ठरवणे सोपे होते. अडले ते एका आकड्यावर. संगणकात मेमरी किती घ्यायची? न्यू जर्सीतल्या चुलतभावाचा निरोप आला, "३२ जीबीच घ्या. तिला काही कमी पडायला नको." डोंबिवलीचा थोरला चुलतभाऊ म्हणाला, "या वयात ४ जीबी म्हणजे डोक्यावरून पाणी. मेल बघणार, नातवंडांचे फोटो बघणार. आणखी काय?"

मी तीस वर्षे एका संस्थेच्या संगणक विभागात काढली आहेत आणि राहायला सहकारनगरात, म्हणजे तिच्या हाकेच्या अंतरावर आहे. म्हणून निकाल माझ्यावर सोपवला गेला. मीही मनाशी एक आकडा धरूनच शनिवार पेठेत गेलो. तिथे एक सकाळ तिच्या शेजारी बसल्यावर लक्षात आले, की आमचे सगळे आकडे तिचे वय पाहून काढलेले होते. ती संगणकावर नेमके काय करते, हे आम्हा सहांपैकी एकानेही विचारले नव्हते.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या आकड्यापुरता मर्यादित आहे. पण ज्यांच्या घरात वडीलधारे माणूस जुन्या संगणकाशी झटापट करत असेल, त्यांना हा प्रश्न आज ना उद्या पडणार आहे. तो कसा सोडवावा, याची ही हकीकत.

दोन पेट्या

आत्या ओंकारेश्वराच्या अंगाच्या एका गल्लीत राहते. पूर्वीचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली, तरी तिची जागा तीच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचा बांधही गेला आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. घराण्याच्या कागदांच्या दोन पेट्या माळ्यावर न्यायच्या होत्या. एकच वर पोचली. दुसरी चिखलातून काढावी लागली. तिच्यातले कागद दोऱ्या बांधून वाळवले. काजळीच्या शाईने लिहिलेले मोडी कागद बरेचसे वाचले. पुढच्या काळातली निळ्या शाईची पत्रे मात्र पसरून गेली. "ज्यांनी शाई घरी केली, त्यांची अक्षरं राहिली," असे आत्या सांगते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने मोडी शिकून घेतली, कागद लावले, आणि २०१९ पासून नेमाने लिप्यंतराला बसली. कागद हाताळले की तुकडे पडतात, म्हणून सगळे स्कॅन करून घेतले आहेत. एका बाजूला पानाचे चित्र मोठे करून ती वाचते, दुसऱ्या बाजूला देवनागरीत टाइप करते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असली, तरी कागदावरची मोडी आता तिला दिसत नाही; पडद्यावर चौपट केलेली दिसते. जमाखर्च, वतनाचे तंटे, कोकणातल्या जमिनीची पत्रे असे सुमारे १,८०० कागद झाले आहेत. ६४० उरले आहेत. संगणक थांबला, की हे काम थांबते.

यंत्र २०१४ साली घेतलेले: ४ जीबी मेमरी, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. आत्याचा सकाळचा क्रम असा, की आधी संगणकाचे बटण दाबायचे आणि मग देवापुढे बसायचे. अथर्वशीर्ष आणि एक स्तोत्र म्हणून ती उठेपर्यंत पडदा कामाला तयार झालेला असे. पूर्वी एक स्तोत्र पुरायचे. हल्ली दोन लागायची.

रुमाल आणि बैठक

'मेमरी' या शब्दाने आपल्याकडे मोठा घोटाळा केला आहे. फोनच्या दुकानात १२८ किंवा २५६ जीबीला मेमरी म्हणतात, संगणकाच्या दुकानात ८ किंवा १६ जीबीलाही मेमरीच म्हणतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आत्याने त्या माझ्यापेक्षा लवकर समजून घेतल्या, कारण तिच्यापाशी चांगला दाखला होता.

पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल फळ्यांवर राहतात. अभ्यासक येतो, हवा तो रुमाल मागवतो, सोडतो, कागद समोर पसरतो, काम झाले की पुन्हा बांधून जागेवर पाठवतो. फळ्यांवर हजारो रुमाल असोत. वाचायच्या मेजावर एका वेळी दोन-चारच मावतात. संगणकात हार्ड डिस्क म्हणजे त्या फळ्या. तिथे ठेवलेले वीज गेली तरी राहते. रॅम म्हणजे मेज. या लेखात यापुढे 'मेमरी' म्हणेन ती रॅमलाच.

मेजावरचा कागद वीज गेली की का नाहीसा होतो, यालाही कारण आहे. आजची मेमरी ज्या रचनेवर उभी आहे ती आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये सुचवली. एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार धरून ठेवणारी एक सूक्ष्म कुपी, एवढ्यावर एक बिट राहतो. ही कुपी गळकी असते. त्यामुळे तिच्यातला भार सामान्यतः ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, पुन्हा भरावा लागतो. अखंड उजळणी चालू असते म्हणून आठवते; उजळणी थांबली की पाटी कोरी.

आता मेज लहान पडले तर काय होते? नवा रुमाल सोडण्यासाठी आधीचा बांधून फळीवर पाठवावा लागतो. दोन मिनिटांनी तोच परत लागतो, मग दुसरा बांधायचा. संगणकही हेच करतो. मेमरी भरली, की तिच्यातला सध्या न लागणारा भाग तो डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागला की परत आणतो. याला पेजिंग म्हणतात. कार्यक्रम बंद पडत नाही, चूक दाखवली जात नाही, फक्त सगळे सुस्तावते. म्हणूनच मेमरी कमी पडते आहे हे माणसाला कळत नाही. त्याला वाटते, आपलेच काहीतरी चुकते आहे. आत्याही तसेच समजत होती. "मी दोनदा दाबते म्हणून अडकतो का रे?" असे तिने मला विचारले होते.

या येण्याजाण्याची किंमत आकड्यांत पाहू. मेमरीतली गोष्ट मिळायला ढोबळ मानाने १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर तीच मिळायला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट वेळ. एसएसडीत फिरणारी तबकडी नसते; तिथे साधारण हजारपट. मेजावरचा कागद उचलायला एक सेकंद लागतो असे धरले, तर एसएसडीवरचा यायला १७ मिनिटे आणि हार्ड डिस्कवरचा यायला जवळजवळ २८ तास. जुना संगणक 'म्हातारा झाला' असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तो या २८ तासांत अडकलेला असतो.

अक्षर आणि चित्र

"पण मी टाइपच तर करते. अक्षरांना किती जागा लागणार?" आत्याचा हा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर तिच्या बाजूचे आहे.

युनिकोडच्या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी वेगवेगळी चिन्हे. मराठी शब्दाला सरासरी सहा चिन्हे धरली आणि शब्दामागची मोकळी जागा मोजली, तर एका शब्दाला १९ बाइट. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफरॅक' हा संगणक घडवला गेला. १९६० मध्ये तो पुऱ्या क्षमतेने चालू लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले. त्याच्या मुख्य मेमरीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे १०,२४० बाइट. आपल्या हिशेबाने साडेपाचशेहून कमी मराठी शब्द. या लेखाचा चौथा-पाचवा हिस्सा. एवढ्या मेजावर शास्त्रज्ञांनी गणिते सोडवली.

आत्याची झालेली १,८०० पाने, पानाला अडीचशे शब्द धरले, तर निव्वळ मजकूर होतो ९ एमबीहून कमी. ४ जीबी म्हणजे ४,०९६ एमबी. तिचे आजवरचे सारे काम त्यात चारशेहून जास्त वेळा मावेल. तेव्हा 'टाइपच तर करणार' म्हणणारा डोंबिवलीचा भाऊ टायपिंगपुरता खरा होता.

मेमरी खातात ती चित्रे. ए-४ आकाराचे पान इंचाला ३०० बिंदू या दराने स्कॅन केले, की २,४८० बाय ३,५०८ म्हणजे ८७ लाख बिंदू होतात. प्रत्येक बिंदूच्या रंगाला ३ बाइट धरले तर २६ एमबी. बरेच कार्यक्रम सोयीसाठी ४ बाइट वापरतात, तेव्हा ३५. डिस्कवर ही फाइल दीड-दोन एमबीचीच दिसते, कारण तिथे ती आवळून ठेवलेली असते. पाहायची म्हटली की पूर्ण उलगडावी लागते. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात राहते, पण अंथरली की खोली भरते, तसे हे आहे. एकाच कारकुनाचे अक्षर ताडून पाहण्यासाठी आत्या एका वेळी आठ-दहा पाने उघडी ठेवते. झाले ३५० एमबी. त्यात मोठे करून पाहणे आले.

दुसरा खादाड म्हणजे ब्राउझर. आजचे ब्राउझर सुरक्षिततेसाठी प्रत्येक संकेतस्थळाला वेगळ्या खोलीत बसवतात, जेणेकरून एक कोसळले तर दुसरे वाचावे. क्रोमने २००८ मध्ये ही रीत रूढ केली. खोल्या वेगळ्या म्हणजे भाडेही वेगळे. एका टॅबला शंभर ते तीनशे एमबी सहज जातात. आत्याचा शब्दकोश, मेल, बातम्या आणि गावाचा नकाशा असे सात टॅब कायम उघडे असतात. त्यात न्यू जर्सीचा व्हिडिओ कॉल आला, की चित्र थिजते आणि आवाज तुटतो. भावाला वाटायचे, पुण्याचे इंटरनेट वाईट.

एका सकाळचे मोजमाप

अंदाज बांधण्यापेक्षा मोजणे सोपे आहे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' पाहायचे. मोजण्याची वेळ मात्र नीट निवडली पाहिजे. नुकत्याच चालू केलेल्या संगणकावर मोजले तर उत्तर चुकणार. मी आत्याला तिचे रोजचे काम तासभर करू दिले, व्हिडिओ कॉलही लावायला सांगितला, आणि मग आकडे टिपले.

'इन यूज' म्हणजे प्रत्यक्ष वापरात ३.५ जीबी होते. थोडी मेमरी पडद्यावरच्या चित्रासाठी आधीच बाजूला काढलेली असल्याने उपलब्ध होती ३.९. हा आकडा एकटा पाहिला तर फसगत होते. मेमरी रिकामी ठेवण्यात काही लाभ नसतो, म्हणून संगणक तिचा वापर करतच राहतो. भरलेली दिसली म्हणजे कमी पडली असे नाही. महत्त्वाचा आकडा 'कमिटेड' हा. चालू असलेल्या सगळ्या कार्यक्रमांनी मिळून किती जागा मागून ठेवली आहे, ते तो सांगतो. तो होता ६.१ जीबी. हा अंदाज वरच्या बाजूचा असतो, कारण मागितलेले सगळेच वापरले जात नाही, पण ३.९ च्या मेजावर ६.१ ची मागणी, हे चित्र स्पष्ट होते. तिसरा आकडा डिस्कचा. तो १०० टक्क्यांवर चिकटून बसला होता. रुमालांची ने-आण अखंड चालू होती.

या तिन्हींवरून निदान असे करता येते. मागणी मेमरीपेक्षा बरीच जास्त असेल, तर मेमरी वाढवावी. मागणी मेमरीत मावत असूनही संगणक सुस्त असेल आणि डिस्क फिरत्या तबकडीची असेल, तर आधी एसएसडी बसवावी. तिथे मेमरी वाढवून फारसा फरक पडणार नाही. आत्याला दोन्ही लागत होते. आणि मेमरी किती, तर गर्दीच्या वेळच्या मागणीनंतरही चौथा हिस्सा मोकळा राहील इतकी. ६.१ ला ८ बरोबर बसतात. १६ असते तर अर्धीअधिक नुसती पडून राहिली असती, आणि पडून राहिलेल्या मेमरीने संगणक वेगवान होत नाही. मेज दिवाणखान्याएवढे केले म्हणून वाचणाऱ्याचा वाचण्याचा वेग वाढत नाही.

खरेदीतले खाचखळगे

आकडा ठरला तरी वस्तू ठरत नाही. मेमरीच्या पिढ्या आहेत आणि त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. डेस्कटॉपसाठीच्या डीडीआर-३ च्या पट्टीला २४० संपर्क, डीडीआर-४ ला २८८. खाच वेगळ्या ठिकाणी, विजेचा दाबही वेगळा. लॅपटॉपच्या पट्ट्या आणखी आखूड. मी स्वतः बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हिंडून 'डीडीआर-३, ४ जीबी' एवढेच सांगून पट्टी घेतली आणि घरी आल्यावर पाहतो तो ती लॅपटॉपची. चूक माझी; विचारताना 'डेस्कटॉपची' म्हणालोच नव्हतो. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर खाली वेग, पट्टीचा प्रकार आणि 'स्लॉट्स यूज्ड' म्हणजे किती जागा भरल्या आहेत, हे दिलेले असते. त्याचा फोटो काढून दुकानात न्यावा. आत्याच्या यंत्रात दोनपैकी एक जागा रिकामी होती. तिथे आधीच्याच वेगाची ४ जीबीची पट्टी बसवली. दोन सारख्या पट्ट्या असल्या, की संगणक दोन्हींतून एकाच वेळी वाचतो, हा वरचा लाभ. वेग वेगळे असतील, तर दोन्ही संथ पट्टीच्या गतीने चालतात.

जुन्या यंत्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी पाहावी. विंडोज ३२ बिटांची असेल, तर तिला ३२ बिटांत मोजता येतील तेवढ्याच जागा दिसतात: ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ बाइट, म्हणजे ४ जीबी. वर कितीही बसवा, दिसणार नाही. 'सिस्टिम टाइप' या ओळीत ६४ बिट लिहिले आहे ना, याची खात्री करून मगच पैसे मोजावेत. आणि वापरलेली पट्टी घेतली असेल, तर विंडोजमधल्याच 'मेमरी डायग्नोस्टिक'ने रात्रभर तपासावी. बिघडलेली मेमरी संगणक बंद पाडते ते बरे. एखादे अक्षर मुकाट्याने बदलते, ते वाईट. लिप्यंतर करणाऱ्याला तर ते परवडणारच नाही.

नवे यंत्र घेताना प्रश्न थोडा वेगळा होतो. तिथे आजच्या गरजेबरोबर पुढच्या पाच-सात वर्षांचा विचार करावा लागतो, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मेमरी पुढे वाढवता येईल का, हे विचारावे लागते. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती मूळ फळीवरच डाख देऊन बसवलेली असते. काही वर्षांपूर्वी मी माझ्या एका काकांसाठी ४ जीबीचा असा लॅपटॉप घेतला होता. हलका, सुबक, स्वस्त. दोन वर्षांत तो चालेनासा झाला. उघडून पाहिला तर पट्टी बसवायला जागाच नाही. काकांनी कोणाला दोष दिला नाही. त्यांनी तो मिटून कपाटात ठेवला आणि आपल्याला आता हे जमत नाही, असे सगळ्यांना सांगू लागले. त्यांना जमत होते. मी कमी मेमरी घेतली होती.

तेव्हापासून माझा नियम असा: वाढवायची सोय असेल, तर आज पुरेल एवढी घ्यावी आणि एक जागा रिकामी ठेवावी. सोय नसेल, तर यंत्राच्या शेवटच्या दिवशी लागेल तेवढी पहिल्याच दिवशी घ्यावी. केवळ मेल, बातम्या आणि कधीमधी कॉल असेल, तर नव्या यंत्रात ८ जीबी चालतात. त्यात चित्रे, स्कॅन, पुष्कळ टॅब आले, किंवा मेमरी डाख दिलेली असली, तर १६. त्यापुढे ३२ लागतात ते चित्रपट संकलित करणाऱ्याला आणि तत्सम अवजड कामे करणाऱ्याला. ४ जीबी मात्र आता कोणालाच घेऊन देऊ नये. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी अशी छापलेली असते हे खरे, पण 'किमान' म्हणजे चालू होतो. काम करता येते असे नव्हे.

भावाचेही सांगायला हवे. मेमरीच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी एखाद्या पिढीचे उत्पादन आवरते घ्यायचे ठरवले, की बाजार हलतो. २०२५ च्या उन्हाळ्यात डीडीआर-४ चे भाव याच कारणाने एकाएकी चढले. तेव्हा 'लागेल तेव्हा टाकू' म्हणताना ती पिढी बाजारात उरेल ना, याचाही अंदाज घ्यावा.

सव्वादोन वर्षे

आता खरा पेच. जुने यंत्र दुरुस्त करायचे, की नवे घ्यायचे? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपणार होता. विंडोज ११ आत्याच्या अकरा वर्षांच्या यंत्रावर अधिकृतपणे चढत नाही. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, एवढीच सवलत होती. लिनक्स बसवली तर हेच यंत्र पुढेही चालेल, असे मी सुचवून पाहिले. आत्या म्हणाली, "एका जन्मात एकच मोडी पुरे."

मी तिला सगळे पर्याय कागदावर मांडून दाखवले. नवे यंत्र सात वर्षे चालेल, असे लिहिले होते. तिने चष्मा वर केला आणि शांतपणे विचारले, "माझी किती वर्षं धरली आहेत तुम्ही?"

मला बोलता येईना. कारण आम्ही सगळ्यांनी ती धरलेलीच होती. ४ जीबी सुचवणाऱ्याने कमी धरली होती. ३२ सुचवणाऱ्याने न मोजता मोठा आकडा घातला होता. तो लांब राहतो, त्याला येणे जमत नाही, आणि त्याची भरपाई तो जीबींमध्ये करू पाहत होता. मी सात वर्षे लिहून मधला मार्ग काढला होता. तिच्या समोर तिच्या आयुष्याचा लिलाव चालल्यासारखे ते झाले होते.

आत्याने माझ्या हातातले पेन घेतले. शिक्षिकेच्या अक्षरात तिने कागदाच्या कडेला गणित मांडले. उरलेले कागद ६४०. रोज एक. रविवार आणि एकादशी सुट्टी. वर्षाला साधारण २८९ दिवस. म्हणजे सव्वादोन वर्षे. "आयुष्याचं माप माझ्याकडे नाही," ती म्हणाली, "कामाचं आहे. त्याला पुरेल एवढं यंत्र दे."

मग निर्णय सोपा झाला. एक वर्ष याच यंत्रावर: ४ जीबीची एक पट्टी वाढवायची, एसएसडी बसवायची, सवलतीची नोंदणी करायची. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवली, त्यामुळे पडद्यावर काहीही बदलले नाही. प्रत्येक चित्र, प्रत्येक फोल्डर जिथे होते तिथेच. वयस्कर माणसासाठी यंत्र सुधारताना हे मी सगळ्यात महत्त्वाचे मानतो. मेमरी यंत्राची वाढवायची असते. त्यापायी माणसाच्या हाताला बसलेली सवय मोडायची नसते. जुनी डिस्क पुसली नाही. ती कागदांची दुसरी प्रत म्हणून कपाटात ठेवली, आणि तिसरी प्रत सहकारनगरात माझ्या घरी नेली. एका पेटीचे काय झाले होते, हे आमच्या घराला माहीत आहे.

या सगळ्याला वर्गणीचा दहावा हिस्साही लागला नाही. उरलेले पैसे आत्याने मोजून पाकिटात घातले आणि पाकिटावर तारीख घातली.

चार दिवसांनी मी विचारपूस करायला गेलो, तर ती थोडी कुरकुरत होती. बटण दाबून देवापुढे बसते, निरांजन लावेपर्यंत यंत्र तयार होऊन बसते, आणि मग अथर्वशीर्षात लक्ष लागत नाही. आता आधी देवपूजा आणि मग संगणक, असा क्रम तिने बदलला आहे. 'कमिटेड'चा आकडा ती स्वतः पाहते आणि वहीत टिपते. परवा सात जीबी पाहिल्यावर तिने दोन टॅब आपण होऊन बंद केले.

पाकीट तिच्या मेजाच्या खणात आहे. त्यावर लिहिले आहे: 'नवा संगणक. ऑक्टोबर २०२६. मेमरी १६.' सोळा का, असे मी विचारले. उरलेल्या कामाला आठही पुरले असते. आत्या म्हणाली, "निळ्या शाईची पत्रं आहेत ना अजून. ती पुसलेली अक्षरं चित्र उजळून वाचता येतात म्हणे. त्याला जास्त लागते, तूच म्हणालास."

ती पत्रे ६४० मध्ये धरलेली नाहीत.